ओहोळाची अंगाई: तामाकी मिउरा यांची शेवटची मैफल, मार्च १९४६

१० मार्च १९४५ च्या रात्री टोकियोवर आगीचे बाँब पडले. एका रात्रीत सुमारे एक लाख माणसे गेली आणि शहराचा पूर्व भाग राखेचे मैदान झाला. हिबिया बागेतले सार्वजनिक सभागृह मात्र उभे राहिले. १९२९ साली खुल्या झालेल्या या विटकरी इमारतीत दोन हजारांहून अधिक माणसे बसत. हल्ल्याला वर्ष झाले, त्या मार्च महिन्यात, याच सभागृहात ६२ वर्षांच्या सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीच्या गायिका, तामाकी मिउरा ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टची 'दी श्योने म्युलरिन' ही गीतमाला गायला आल्या. साथीला पियानो होता. कर्करोगाने शरीर इतके पोखरले होते की त्यांना आधाराशिवाय चालता येत नव्हते. आवाज मात्र उतरलेला नव्हता, असे त्यांच्या चरित्रात नोंदले आहे. दोन महिन्यांनी, २६ मे १९४६ ला, त्या गेल्या.

हे प्रकरण मी अभ्यासाला घेतले ते त्यातल्या निवडीमुळे. ज्या बाईंची जगभरची ओळख पुच्चिनीच्या ऑपेरातली जपानी नायिका 'मादामा बटरफ्लाय' ही होती, त्यांनी शेवटच्या मैफलीत बटरफ्लाय बाजूला ठेवली आणि एका कोवळ्या तरुणाच्या तोंडची वीस गाणी घेतली. पूर्ण वाद्यवृंदावर आयुष्य काढलेला आवाज अखेरीस एका पियानोच्या सोबतीने का गातो? मी स्वतः भजनाच्या आणि नाट्यगीतांच्या कार्यक्रमांत पेटीच्या साथीला बसते. त्यामुळे माझे लक्ष गायिकेइतकेच तिच्या शेजारच्या वाद्याकडे जाते, आणि मला वाटते की या निवडीचे उत्तर त्या वाद्यातच आहे.

उएनो, १९०३

उत्तरासाठी ४३ वर्षे मागे जावे लागते. तामाकी शिबाता (मिउरा हे नाव पुढे दुसऱ्या लग्नानंतरचे) यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८८४ चा, टोकियोतला. १९०० साली त्या उएनोतल्या टोकियो संगीत विद्यालयात दाखल झाल्या. वडिलांचा विरोध होता, आणि लग्नाची अट मान्य केल्यावरच परवानगी मिळाली. एका लष्करी डॉक्टरांशी लग्न झाले. तामाकी सायकलवरून विद्यालयात जात. त्या काळी मुलीने सायकल चालवणे ही वर्तमानपत्रात येण्याजोगी गोष्ट होती, आणि तशी ती आलीही.

२३ जुलै १९०३ ला विद्यालयाच्या सोगाकुदो या लाकडी सभागृहात ग्लुकचा 'ऑर्फेउस' झाला. जपानी कलावंतांनी पूर्ण पाश्चात्त्य ऑपेरा रंगमंचावर आणण्याचा हा पहिला प्रयोग मानतात. भाषांतर जपानीत केलेले होते. १९ वर्षांच्या तामाकी ऑर्फेउसची बायको एउरिदिचे झाल्या होत्या.

ऑपेराची निवड शहाणपणाची होती, हे संहिता चाळली की कळते. ग्लुकच्या या रचनेत एकल गायकांच्या भूमिका तीनच आहेत. नायक ऑर्फेउसची भूमिका १७६२ साली व्हिएन्नात मूळ लिहिली गेली ती खच्ची केलेल्या पुरुष गायकाच्या उंच आवाजासाठी. म्हणजे स्त्रीचा खालच्या पट्टीतला आवाज ती सहज पेलतो. उएनोत तिन्ही भूमिका मुलींनीच केल्या. त्याच सुमारास आपल्याकडे किर्लोस्कर मंडळीत पुरुष शकुंतला होत होते, आणि तिकडे टोकियोत एक मुलगी ऑर्फेउस होऊन मेलेल्या बायकोला परत आणायला पाताळात उतरत होती. ही दोन चित्रे शेजारी ठेवली की मला फार आनंद होतो.

वाद्यवृंदाच्या जागी मात्र एक पियानो होता, आणि त्यावर होते राफाएल फॉन कोएबर. कोएबर पेशाने तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. जन्म १८४८ चा, रशियातल्या निझ्नी नोव्हगोरोदचा, घराणे जर्मन वंशाचे. मॉस्कोच्या संगीत विद्यालयात शिकले, तिथे चायकोव्हस्की त्यांचे शिक्षक होते. पुढे संगीत बाजूला ठेवून ते जर्मनीत तत्त्वज्ञानाकडे वळले आणि १८९३ साली टोकियोच्या विद्यापीठात आले. लेखक नात्सुमे सोसेकी त्यांचे विद्यार्थी होते आणि त्यांनी आपल्या या गुरूंवर लेखही लिहिला आहे. असा माणूस त्या दिवशी १९ वर्षांच्या मुलीच्या मागे तंतुवाद्ये, बासऱ्या, हार्प सगळे दहा बोटांनी उभे करत होता. संचालन फ्रेंच नोएल पेरी यांचे होते. पुढे ते नो या जपानी पारंपरिक नाटकाचे मोठे अभ्यासक झाले.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते, कारण सगळे प्रकरण तिच्यावर उभे आहे. १९०३ चा पियानो बदली होता. ग्लुकने ऑर्फेउसच्या वीणेसाठी हार्प लिहिली आहे. पियानोवर तेच सुटे स्वर वाजवता येतात, पण ऐकणाऱ्याला ठाऊक असते की हे दुसऱ्याच्या जागेवर बसलेले वाद्य आहे. कितीही मोठा वादक असला तरी वाद्यवृंदाचा पियानोवर केलेला संक्षेप हा संक्षेपच राहतो. तालमीला तो लागतोच, आणि गरजेला प्रयोगालाही चालतो.

मधली वर्षे

ही वर्षे इतकी भरलेली आहेत की त्यांवर वेगळे लिहायला हवे. इथे या प्रकरणापुरतेच सांगते. १९१२ साली टोकियोच्या इंपीरियल थिएटरात आउगुस्ट युंकर यांनी रचलेला जपानी कथेवरचा ऑपेरा 'युया' झाला, आणि तामाकींच्या गायनाला प्रेक्षक हसले. ओळखीची जपानी गोष्ट आणि त्यावर हा अनोळखी, ताणलेला, थरथरणारा उंच स्वर, हे लोकांच्या कानाला जुळेना. हे हसू त्यांच्या मनात किती काळ राहिले असेल, असा विचार माझ्या मनात येतो. पहिला विवाह तोवर मोडला होता. दुसरा विवाह वैद्य मासातारो मिउरा यांच्याशी झाला, आणि १९१४ साली दोघे जर्मनीला गेले. महायुद्ध पेटल्यावर तिथून निसटून लंडन गाठले. १९१५ साली लंडनमध्ये त्या बटरफ्लाय गायल्या. जपानी नायिकेच्या त्या भूमिकेत जपानी गायिका पाश्चात्त्य रंगमंचावर उभी राहिली, आणि मग अमेरिका, इटली, जिथे जातील तिथे तीच भूमिका. १९२० साली पुच्चिनी त्यांना भेटले, त्यांनी कौतुक केले आणि आपल्या घरी बोलावले. या भूमिकेचे प्रयोग दोन हजारांवर गेले असे सांगितले जाते. नागासाकीच्या ग्लव्हर उद्यानात पुच्चिनींच्या पुतळ्याबरोबर तामाकींचाही पुतळा आहे.

या वर्षांतही एक पियानोवाला आहे. आल्दो फ्रांकेत्ती हे इटालियन संगीतकार तामाकींचे साथीदार. १९२२ साली त्या काही काळ जपानला परतल्या तेव्हा मैफलींना तेच बरोबर होते. १९२५ साली शिकागोत फ्रांकेत्तींचा 'नामिको-सान' हा ऑपेरा झाला. तो त्यांनी तामाकींसाठीच लिहिला होता. वर्षानुवर्षे एखाद्याच्या साथीला बसले की त्या गळ्याचा कोपरान्‌कोपरा माहीत होतो. कुठे स्वर खुलतो, कुठे दम पुरत नाही, कुठल्या अक्षरावर आवाज गोड लागतो. त्या माहितीवर ऑपेरा लिहावासा वाटणे मला अगदी स्वाभाविक वाटते.

१९३५ साली तामाकी कायमच्या जपानला परतल्या. युद्धात टोकियो सोडून म्हाताऱ्या आईसह फुजी पर्वताच्या पायथ्याशी यामानाका सरोवराकाठी राहिल्या.

बटरफ्लाय का नाही

पहिले उत्तर उघड आहे: शरीर. बटरफ्लायची नायिका एकदा रंगमंचावर आली की जवळजवळ सगळा वेळ तिथेच असते. गोष्ट सुरू होते तेव्हा तिचे वय पंधरा. बसते, उठते, गुडघे टेकते, मुलाला कवटाळते आणि शेवटी जीव देते. समोरच्या खड्ड्यात पुच्चिनीचा भरगच्च वाद्यवृंद असतो आणि त्याच्या वरून आवाज काढावा लागतो. ज्या बाईंना चालायला आधार लागत होता त्यांच्याकडून हे होणे नव्हते.

'तेव्हा वाद्यवृंद होता कुठे' हे दुसरे उत्तर मला पटत नाही. जानेवारी १९४६ मध्ये फुजिवारा ऑपेरा मंडळींनी त्याच शहरात, इंपीरियल थिएटरात, 'ला त्राव्हियाता' केला होता. उपासमारीच्या आणि कोळशाच्या टंचाईच्या त्या हिवाळ्यातही ऑपेरा होत होता.

शिवाय शरीराचे कारण फक्त एवढेच सांगते की ऑपेरा शक्य नव्हता. पियानोच्या साथीने काय गायचे, ते त्याने ठरत नाही. सोपा मार्ग समोरच होता. गाजलेल्या पदांची मैफल करायची. बटरफ्लायचे 'उन बेल दी व्हेद्रेमो' हे पद गायचे, पियानोवर पुच्चिनीचा संक्षेप वाजवायचा, आणि लोकांनी टाळ्यांनी सभागृह डोक्यावर घ्यायचे. ६२ वर्षांच्या, देशभर नाव असलेल्या गायिकेला हे कोणी नाकारले नसते. मी स्वतः त्या श्रोत्यांत असते तर तेच मागितले असते.

पण डिसेंबर १९४५ मध्ये, याच हिबियात, त्यांनी शूबर्टची 'विंटरराइझे' म्हणजे 'हिवाळी प्रवास' ही २४ गाण्यांची माला घेतली होती. मार्चमध्ये 'दी श्योने म्युलरिन' म्हणजे 'पाणचक्कीवाल्याची सुंदर मुलगी', २० गाणी. चार महिन्यांत शूबर्टच्या दोन पूर्ण माला, ४४ गाणी. याला मी योगायोग मानत नाही. ही ठरवून केलेली निवड आहे, आणि पुढे जे लिहिते तो तिचा माझ्या परीने लावलेला अर्थ आहे.

पियानो इथे कोण आहे

शूबर्टने 'म्युलरिन' १८२३ साली रचली, 'विंटरराइझे' १८२७ साली. दोन्हींचे शब्द विल्हेल्म म्युलर यांचे. 'म्युलरिन'ची गोष्ट साधी. कामाच्या शोधात निघालेला एक उमेदवार पोरगा ओहोळाच्या काठाने चालत पाणचक्कीवर पोचतो. मालकाच्या मुलीवर जीव जडतो. मग हिरव्या कपड्यांतला शिकारी येतो आणि मुलगी त्याच्याकडे वळते. पोरगा ओहोळात बुडून मरतो.

माणसे तीन-चार, पण खरे पात्र ओहोळ आहे, आणि ओहोळ म्हणजे पियानो. दुसऱ्या गाण्यात पोराला पाण्याचा आवाज ऐकू येतो. पियानोचा उजवा हात सहा-सहा स्वरांच्या लडी अखंड सोडत राहतो आणि डावा हात खाली षड्ज-पंचमासारखी जोडी धरून बसतो. सहाव्या गाण्यात पोरगा ओहोळाला विचारतो, तिचे माझ्यावर प्रेम आहे का, आणि उत्तराच्या जागी फक्त पियानो वाहत राहतो. सोळाव्या गाण्यात, तिला हिरवा रंग आवडतो म्हणून मला हिरव्या गवताखाली पुरा असे पोरगा म्हणतो, तेव्हा पियानोच्या मधोमध एकच स्वर सुरुवातीपासून शेवटपर्यंत टोचत राहतो. गाण्याचा षड्ज धरला तर तो पंचम आहे. आपल्याकडे तंबोऱ्याचा पंचम मनाला निवांत करतो. शूबर्टच्या हातात तोच पंचम घरात पाणी ठिबकत राहावे तसा झोप उडवतो. हे गाणे पहिल्यांदा समजून ऐकले त्या दिवशी मी पेटी उघडून बराच वेळ एकच पट्टी दाबत बसले होते.

'विंटरराइझे'चे शेवटचे गाणे तर मराठी श्रोत्याने आवर्जून ऐकावे. गावाबाहेर बर्फात अनवाणी उभा असलेला एक म्हातारा हाताने फिरवायचे वाद्य वाजवतो आहे, ताटली रिकामी, कोणी ऐकत नाही. पियानोचा डावा हात सुरुवातीपासून शेवटपर्यंत सा-प सोडत नाही. वरती तोकडा, अडखळता सूर. गायकाला जवळजवळ काहीच करायचे नसते. त्या गाण्यात फक्त एक आधारस्वर आहे आणि त्यावर उभा असलेला एक माणूस. डिसेंबर १९४५ च्या टोकियोत हे गाणे ऐकणाऱ्यांना रिकामी ताटली कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आता १९०३ आठवावे. तिथे पियानो वाद्यवृंदाच्या जागी बसला होता. पदांची मैफल केली असती तर १९४६ मध्येही तो बदलीच राहिला असता, आणि पुच्चिनीची तंतुवाद्ये नाहीत ही उणीव प्रत्येक ओळीत जाणवली असती. शूबर्टमध्ये काहीच कमी नसते. लिहिले आहे तेवढे सगळे तिथे हजर असते. आवाज एक, पियानो एक, आणि रचना पूर्ण. थकलेल्या गायिकेला आपल्यातले आणि आजूबाजूचे कमी झालेले झाकत बसावे लागत नाही. ज्यांनी आयुष्यभर मोठे खाल्ले-ल्याले त्यांनी उतारवयात लहान घरात राहायला जावे, आणि ते घर मुळातच तेवढे बांधलेले असावे, तसे हे आहे.

साथीचे काम

तरी जोखीम मोठी होती. ही गाणी मुळात दिवाणखान्याची. शूबर्टचे मित्र जमत आणि ती गायली जात. हिबियात दोन हजारांवर आसने. ऑपेरात कमावलेला आवाज इथे उपयोगी पडतो, कारण हळू गाताना शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचवण्याचे तंत्र त्याच्याकडे असते. पण त्या तंत्राला श्वासाचा आधार लागतो, आणि श्वासाचा आधार पोटाच्या स्नायूंचा. पोटाच्या खालच्या भागात आजार असताना लांब ओळी धरणे काय असेल, ते कुठल्याही गायकाला विचारावे. 'म्युलरिन'मधल्या बऱ्याच गाण्यांच्या ओळी आखूड आहेत, लोकगीतासारख्या, दर थोड्या मात्रांनी श्वासाला जागा देणाऱ्या. हेही निवडीचे एक कारण असावे असे मला वाटते.

पियानोवादकाचे काम इथे अवघड होते. आमच्या पेटीची साथ गायकाच्या पाठोपाठ जाते. गायक जागा घेतो, आम्ही ती पकडतो, आणि एखादा क्षण मागे राहणे हीच त्यातली अदब असते. शूबर्टच्या साथीत पियानो बहुतेक वेळा आधी पोचलेला असतो. गाणे पियानोच सुरू करतो, वेग तोच ठरवतो, भाव तोच मांडतो, आणि गायिका त्या वाहत्या पाण्यात पाय टाकते. आजारी गायिकेसाठी याचा अर्थ फार नाजूक होतो. तिला आज किती दम आहे हे पहिला सूर लागण्यापूर्वी ओळखून वेग बांधायचा. फार संथ बांधला तर ओळ पुरी होणार नाही, फार जलद बांधला तर शब्द पडतील. शिवाय पाणी वाहते ठेवायचे. पियानो थबकला तर ओहोळ थबकला, आणि श्रोत्यांना बाईंचा आजार दिसला.

एका गाण्याच्या शेवटापासून दुसऱ्याच्या सुरुवातीपर्यंतचा वेळही वादकाच्या हातात असतो. वीस गाणी म्हणजे एकोणीस विसावे. कुठला लांबवायचा, कुठे लगेच पुढे जायचे, हे कागदावर लिहिलेले नसते. मी माझ्या छोट्या कार्यक्रमांत म्हाताऱ्या बुवांच्या साथीला बसते तेव्हा दोन अभंगांच्या मध्ये भाता हलकेच चालू ठेवून सूर धरते. बुवा पाणी पितात, घसा खाकरतात, आणि श्रोत्यांना वाटते की पेटी वाजते आहे. शूबर्टमध्ये अशी भर घालता येत नाही, एक स्वरही जास्तीचा चालत नाही. वादकाकडे उरते फक्त शांतता, आणि ती किती लांब धरायची याचा अंदाज.

पुरुषाच्या तोंडची गाणी बाईने गावीत का, हा प्रश्न त्या काळीही विचारला जाई. लोटे लेमान या जर्मन सोप्रानोने अमेरिकेत युद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांत दोन्ही माला ध्वनिमुद्रित केल्या होत्या, म्हणजे वाट नवी नव्हती. तामाकींच्या बाबतीत मला यात एक जुना धागाही दिसतो. त्यांनी पहिला ऑपेरा केला त्यात ऑर्फेउस झालेली मुलगी होती, आणि तामाकी मेलेली एउरिदिचे होत्या, जिला गाऊन परत आणायचे असते. अखेरच्या मैफलीत मरणाऱ्या मुलाचे गाणे त्यांच्या तोंडी होते.

आणि १९१२ चे ते हसू. जपानी गोष्टीवर परका आवाज म्हणून लोक हसले होते. ३४ वर्षांनी त्याच शहरात, उद्ध्वस्त शहरात, ऑस्ट्रियातल्या संगीतकाराची जर्मन गोष्ट तोच आवाज गात होता, आणि लोक तिकीट काढून ऐकायला आले होते. एवढ्या वर्षांत जपानी कान बदलले होते. ते बदलण्यात शाळाशाळांतून पोचलेल्या पियानोचा आणि ऑर्गनचा वाटा होता, तसा या बाईंचाही होता.

'म्युलरिन'चे विसावे गाणे ओहोळ गातो. पोरगा बुडालेला आहे आणि पाणी त्याला अंगाई म्हणते आहे: नीज, डोळे मिट, दमलेल्या वाटसरा, तू घरी आलास. पाच कडवी आहेत, पाचही वेळा चाल तीच, पियानोचा झुलता ठेका तोच. इथवर गायिका पोराच्या जागी होती आणि पियानो पाण्याच्या. या गाण्यात आवाज पियानोच्या बाजूला जातो, दोघे मिळून पाणी होतात. पाच वेळा तेच गाणे कंटाळवाणे न होऊ देणे हे तरुण, तगड्या गायकांनाही जड जाते. हळू, अगदी हळू, दर कडव्यात फक्त शब्दांच्या वजनाने फरक करत जावे लागते. शेवटच्या कडव्यात ओहोळ म्हणतो की पौर्णिमेचा चंद्र वर येतो आहे, धुके सरते आहे, आणि वरचे आकाश किती विशाल आहे. शब्द तिथे संपतात. पियानोला अजून थोड्या मात्रा वाजवायच्या असतात, त्याच झुलीत, वेग न बदलता.